सहा महिन्यांची शिदोरी

घर भाड्याने देण्याआधी सरांनी माझ्या नवऱ्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. माणसं किती, नोकरी कुठली, पाहुणे किती येतात, यातलं काही विचारलं नाही. अंगठ्याने पापणी खाली ओढली, आतला रंग बघितला आणि म्हणाले, "यांचं बरं हाय. आता मॅडमचं पाहू."

मी दोन पावलं मागे सरकले. पण भंडाऱ्यात शाळेजवळ ऊन येणाऱ्या दोन खोल्या शोधून आम्ही इतके दमलो होतो की मीही डोळा पुढे केला.

"फिक्कं हाय," सर म्हणाले. "पन घर देतो. पालक खात जा."

सर इथल्या एका कॉलेजातून प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं, खाली एकटेच राहत. पापणी ओढणं हा त्यांचा नमस्कार होता. दूधवाला, पोस्टमन, गॅसचं सिलिंडर आणणारा, कोणी सुटत नसे. दूधवाला तर फाटकातून आत शिरतानाच चेहरा वर करून यायचा, म्हणजे वेळ वाचतो. एका विद्यार्थिनीच्या लग्नात सर स्टेजवर गेले, आशीर्वाद दिला आणि उतरता उतरता नवरीची पापणी ओढली. फोटोवाल्याने नेमकं तेच टिपलं. तो फोटो तिने अल्बमात लावलाय, असं सर अभिमानाने सांगत. तिच्या सासरच्यांनी तो बघून पुढे किती दिवस काळजी केली असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

जन्मभर त्यांनी एकच विषय धरला होता. पोटात असताना आणि जन्मल्यावर सस्तन प्राण्यांच्या यकृतात लोह कसं साठतं, हा. त्यावर त्यांची पीएच.डी. झाली होती की राहिली होती, हे मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी शाळेत मराठी शिकवते. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला सुटला. तरी आज मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, की पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत आई बाळाच्या यकृतात लोह भरून देते, कारण पुढे त्याला मिळणार दूध, आणि दुधात लोह नावालाच. ती शिदोरी बाळ सहा महिने पुरवून पुरवून खातं. तोवर वरचं अन्न सुरू व्हायला हवं.

"सशाचं पिल्लू बिळात आंधळं पडून राह्यते," सर जिन्यात अडवून सांगायचे. माझ्या हातात भाजीची पिशवी असायची. "बरेच दिवस निसतं दूध. म्हनून सशीन त्याचं यकृत आधीच गच्च भरून देते. गिनीपिगचं पिल्लू जन्मलं का लगेच पाला खाते, त्याले शिदोरी कायले पायजे? आन डुकराचं पिल्लू येते जवळपास रिकाम्या हातानं. मातीत तोंड खुपसते म्हनून वाचते. लोकं म्हनतात घान हाय. अरे, थे लोह शोधून राह्यलं!"

या तीन प्राण्यांत त्यांनी सगळ्या गावाची वाटणी केली होती. बापाच्या कापडदुकानात गादीवर बसलेला समोरचा मुलगा ससा. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या निवडणुकीला उभा राहिलेला विद्यार्थी गिनीपिग. स्वतःला ते बिनदिक्कत तिसऱ्या वर्गात घालत. आसगावचं शेतमजुराचं बौद्ध कुटुंब. आई चिखलात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करायची आणि हे बांधावर बसून माती खायचे. "मायजवळ शिदोरी भराले काही नोयतं, मातीनंच केलं माहं सगळं," म्हणायचे, आणि यात त्यांना दुःखापेक्षा शास्त्रीय समाधान जास्त वाटत असे.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. त्या गावात राहून सर पितळेवर दात धरून होते. त्यांच्या स्वयंपाकघरात तवा लोखंडी, कढई लोखंडी, वरणाला फोडणी द्यायची पळीसुद्धा लोखंडी. त्यांच्या घरचं वरण काळपट दिसे आणि चवीला बसस्टँडवरच्या बाकड्यासारखं लागे. "कसं हाय?" ते विचारायचे. "वेगळं आहे सर," असं मी म्हणायचे. दोन वर्षांत मी त्यांच्याशी याहून जास्त खोटं बोलले नाही.

मला दिवस गेले तेव्हा माझ्या माहेरी आणि सासरी आनंद झाला, पण सरांइतका कोणालाच नाही. त्यांच्या डोक्यावर, अगदी वरच्या मजल्यावर, एक यकृत तयार होत होतं. लोहाच्या गोळीनंतर चहा प्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. चहाने लोह अंगी लागत नाही. मी चोरून करायचे. आलं टाकलं की वास जिन्याने खाली जायचा आणि खालून बांबूच्या टोकाने छत वाजायचं. नवरा म्हणायचा, आलं टाकू नकोस. बिनआल्याच्या चहालाही छत वाजलं तेव्हा आम्ही हात टेकले. अंगणातल्या झाडाचं लिंबू मात्र रोज दाराशी असायचं.

बाळ महिनाभर आधीच आलं. नवरा ड्यूटीवर होता, त्यामुळे मला दवाखान्यात नेलं सरांनी. मला आत घेतलं आणि बाहेरून त्यांचा आवाज सुरू झाला, "नाळ कापाची घाई करू नका! थोडं थांबा! थे रक्त लेकराचं हाय!" नर्स दार उघडून ओरडली, "तुम्ही बाळाचे कोण?"

"घरमालक," सर म्हणाले.

त्या अवस्थेतही मला हसू आलं. डॉक्टरबाईंनी नाळ कापायला थोडा वेळ घेतला, तो आमच्या घरमालकामुळे की त्यांच्या नेहमीच्या पद्धतीमुळे, हे मला माहीत नाही. सरांना माहीत होतं. ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

मुलगी झाली होती. लहानशी, पण ठणठणीत रडणारी. सरांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "शिदोरी बांधता बांधताच निघाली," ते हळूच म्हणाले. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या यकृतात भरायचं थोडं राहून जातं, हे त्यांनी मला सांगितलं होतंच. ते विसरता आलं असतं तर मला आवडलं असतं.

बाळंतपणासाठी सासूबाई आल्या. मोहाडीकडच्या, उभं आयुष्य हातमागाजवळ गेलेलं. त्यांना सर सुरुवातीला आवडलेसुद्धा. बाळाचं जन्मतःचं जादा रक्त पुढे मोडतं आणि त्यातलं लोह वाया न जाता परत यकृतात जमा होतं, हे सांगताना सर म्हणाले होते, "तुमच्यासारखंच, आजी. तुमी तुटका धागा फेकता का?" सासूबाई खूश झाल्या. पण ही मैत्री आठवडाभरच टिकली. एका दुपारी सरांनी पाळण्याजवळ उभं राहून, अत्यंत प्रेमाने, आमच्या मुलीची डुकराच्या पिल्लाशी तुलना केली.

"माह्या नातीले डुकराचं पिल्लू म्हनते मेला!" सासूबाईंनी दार लावून घेतलं. सरांना शेवटपर्यंत कळलं नाही की बिघडलं काय. "मी तिची तारीफ करून राह्यलो होतो," ते मला जिन्यात म्हणाले. "डुकराचं पिल्लू हिंमतवालं असते."

यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणता येणार नाही. ती वाट बघणं होती.

आमच्याकडे उष्टावण मामाच्या हाताने होतं. मामा चांदीच्या वाटीतली खीर बाळाच्या तोंडाला लावतो, त्याआधी बाळाच्या पोटात दुधाशिवाय काही जात नाही. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात. सातवा लागला की करायचं ठरलं होतं. माझा एकुलता एक भाऊ फौजेत आहे, दूर सरहद्दीवर. मुलगी झाली त्या दिवशीच तो फोनवर म्हणाला होता, "ताई, पहिला घास माह्याच हातचा." सातव्यात त्याची सुटी मंजूर झाली, त्याने बॅग भरली आणि सुटी रद्द झाली. आठवा मुलीला चालत नाही. म्हणजे नववा.

लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टर रागावले, वरचं अन्न लगेच सुरू करा म्हणाले, लोहाचे थेंबही दिले. थेंबांनी मुलीची शी काळी झाली. ती बघून सासूबाई घाबरल्या आणि बाटली फळीवर गेली. सरांनी जिन्यातून ओरडून सांगितलं की काळी होणारच, तसंच असतं. पण डुकराच्या पिल्लानंतर त्यांच्या शब्दाला आमच्या घरात किंमत राहिली नव्हती. मी दोनदा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "माह्या पहिल्या लेकराचं उष्टावन मामाची वाट न पाहता केलं होतं. वर्षाचं नाही झालं थे." एवढं बोलून त्या पाळणा हलवू लागल्या. अशा बाईला मी वाद घालून काय पटवणार होते?

मुलगी मलूल दिसायला लागली होती. आधी वरवंट्यासारख्या मुठी आपटायची, आता खांद्यावर मान टाकून पडून राहायची. एका सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्याचं बघून सर वर आले. त्यांनी तिची पापणी खाली ओढली, हाताचे तळवे बघितले आणि तिला माझ्याकडे परत दिलं. बोलले काहीच नाहीत. ना ससा, ना गिनीपिग. या माणसाकडे सांगण्यासारखं काही नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. नवव्यातही जमणार नव्हतं. पुढचं त्याला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर गावात गेले. संक्रांतीचे दिवस होते, दुकानांत तिळगूळ आणि वाण. सर प्रत्येक दुकानात राखी मागत होते. लोकांना वाटलं, निवृत्तीनंतर होतं असं कधी कधी. शेवटी एका दुकानदाराने माळ्यावरच्या खोक्यातून न खपलेली एक राखी काढून दिली. मधे स्पंजाचं भलंमोठं फूल, त्यावर चिकटवलेला मोर आणि मोराला मान नाही. ती घेऊन सर वर आले, खुर्चीवर ताठ बसले आणि हात पुढे केला.

"मॅडम, मामा म्हनजे कोन?"

"आईचा भाऊ."

"आन राखी बांधली का भाऊ होते ना?"

"होतो, सर."

"मंग बांधा."

जन्मभर कर्मकांडाला नावं ठेवत आलेला माणूस मनगट पुढे करून बसला होता. मी राखी बांधली. ते खुर्चीतून उठले तेव्हा 'मॅडम' गेलं होतं. "चाल बाई, आता तुह्या सासूकडं," ते म्हणाले. तेव्हापासून मी 'बाई' आणि 'तू'.

सासूबाई आतल्या खोलीत मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सरांनी त्यांना मनगट दाखवलं, मग माझ्या फोनवरून भावाला लावलं. पडद्यावर बर्फ, कानटोपी आणि हसू दिसलं. "फौजी," सर म्हणाले, "तुह्या वतीनं मी चारतो. परवानगी दे."

भाऊ म्हणाला, "द्या, सर. तुमी थोरले मामा, मी धाकटा." आणि फोन चटकन ठेवला. रडायला आलं की तो असाच फोन ठेवतो.

"आठवा सुरू हाय," सासूबाई मुलीकडे बघत म्हणाल्या.

"आजी, यकृताले सम-विषम समजत नाही," सर म्हणाले. मग आपण भाषणाला लागलो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते खाली सतरंजीवर बसले. "हे पाहा. तुमच्या मनात काय हाय थे बाईनं मले सांगतलं. काही वाईट झालं तर मले बोला, सगळा दोष माह्यावर. पन तिच्याजवळचं सरलं हाय. तिले आता आपन द्याव लागते. आन दुसरं काही मनात असन, थेबी सांगा. मी ऐकाले तयार हाय."

दुसरं काय, ते खोलीतल्या तिघांनाही कळलं होतं. आम्ही त्यांच्या घरात राहत होतो, पण त्यांच्या हातचा पहिला घास ही वेगळी गोष्ट होती. मला लाज वाटली, आणि सासूबाईंची भीतीही.

सासूबाईंनी पदराने मुलीची लाळ पुसली. "दुसरं काही नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या विहिरीचं पानी पिऊन राह्यलो आमी. मले एकच पुसाचं हाय. मामा एका दिवसाचा नसते, सर. जावळाले मामाची मांडी लागते. लग्नात पोरीले मांडवात मामाच आनते. तेवढं निभावसान का, का निसतं हे चारून मोकळे?"

सरांना असा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग त्या बिनमानेच्या मोराकडे.

"निभावतो," ते म्हणाले.

उष्टावण दुसऱ्याच दिवशी झालं. सर निरोप समारंभातला कोट घालून आले, हातात चांदीची वाटी. खीर बघताच त्यांचं तोंड वाकडं झालं. "पुन्हा दूधच?" पण सासूबाईंनी बघितलं तसे ते गप्प झाले. खीर मुलीच्या ओठाला लावली, तिने ती त्यांच्या कोटावर सोडून दिली. मग त्यांनी खालून आणलेला डबा उघडला. मसुराचं वरण, त्यात घोटलेला पालक, वर लिंबाचे थेंब. ते अर्थात लोखंडी कढईतलं होतं. मुलीने तोंड आंबट केलं, विचार केला आणि चमच्यावर झडप घातली. जगात सरांचं वरण पुन्हा मागणारी ती पहिलीच व्यक्ती.

सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं आणि घरच्या मागावरचा दुपट्टा खांद्यावर घातला. सर कुंकवाबद्दल काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी मान खाली केली.

थेंबांची बाटली फळीवरून खाली आली. पुढे पुढे तर सासूबाईच दर रविवारी कलेजी शिजवून, पाट्यावर बारीक वाटून मुलीला चारायच्या आणि जिन्यातून हाक मारायच्या, "मामा, पाहून घ्या तिचा डोळा!" रंग हळूहळू परतला, आणि त्याच्याबरोबर आदळआपटही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ठीक आहे म्हणाले. सरांनी डॉक्टरांचीही पापणी बघितली.

उष्टावणानंतर काही दिवसांनी सर वर आले होते. मुलगी त्यांच्या बोटाला चावत होती.

"बाई, आजकाल पोरींचं लग्न कधी होते?"

"आता शिकतात, सर, नोकरी करतात. मग कधीतरी."

सर छताकडे बघत मनातल्या मनात काहीतरी मोजू लागले. मोजून झाल्यावर बरंच लांबचं उत्तर आलं असावं, कारण ते तसेच खाली गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही स्कूटर काढणारा हा माणूस दुसऱ्या सकाळपासून कारध्याच्या पुलापर्यंत चालायला जाऊ लागला. वैनगंगेवर धुकं असलं तर मफलर गुंडाळून.

मग नवऱ्याची बदली नागपूरला झाली. जावळ मात्र सरांच्याच मांडीवर झालं, शेजारी सुटीवर आलेला धाकटा मामा होता. आता मुलगी शाळेत जाते. परवा फोनवर मी सरांना सांगितलं की तिला डॉक्टर व्हायचंय म्हणते, आज तरी.

"थ्याले लय वर्षं लागतात," सर म्हणाले.

"हो ना. तुम्ही चालायला जाता ना रोज?"

"जातो. पुलावर टेकतो अन् वापस येतो. आता मधात एकदा बसाव लागते." मग म्हणाले, "बाई, माह्यासाठी म्हनून तिच्या लग्नाची घाई करू नको. शिकू दे जेवढं शिकते तेवढं. मी थांबतो."